हाकेचे अंतर

१

शहरातील आवाजाचा प्रश्न आज आपल्यापुढे येतो तो प्रामुख्याने मोजमापाच्या रूपाने. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी क्षेत्रासाठी अनुक्रमे ६५ व ५५ आणि शांतता क्षेत्रासाठी ५० व ४० डेसिबल अशा मर्यादा घालून दिल्या. इस्पितळे, शिक्षणसंस्था, न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा परिसर या नियमांच्या भाषेत 'शांतता क्षेत्र' होऊ शकतो. मुंबई, पुणे, ठाणे यांसारख्या शहरांतील कोणत्याही हमरस्त्यावर उभे राहिले की हे आकडे कागदावरचे आहेत हे उपकरणाशिवायही कळते. प्रश्नाची ही मांडणी चुकीची नाही. झोप, रक्तदाब, श्रवणशक्ती यांच्यावर रहदारीच्या आवाजाचे होणारे परिणाम मोजावेच लागतात, आणि मोजल्यावाचून कायदाही करता येत नाही.

तथापि, मोजपट्टी जे सांगते ते आवाजाच्या बलाविषयी सांगते, आवाजाच्या अर्थाविषयी नाही. आपली भाषा या बाबतीत उपकरणापेक्षा सूक्ष्म आहे. मराठीत 'गोंगाट' आणि 'गजर' हे दोन वेगळे शब्द आहेत. कलकलाट, गलका, कल्ला, कोलाहल, दणदणाट, खडखडाट या प्रत्येकाची छटा निराळी आहे, आणि हा निराळेपणा केवळ पट्टीचा नाही. शेकडो टाळ एकदम वाजत असताना होणारा नामाचा गजर डेसिबलच्या हिशेबात रहदारीपेक्षा कमी भरेल असे नाही. तरीही भाषेने त्याला गोंगाट म्हटलेले नाही.

यावर एक उत्तर तयारच असते. ते असे की हा सगळा आवडीनिवडीचा, श्रद्धेचा आणि सवयीचा भाग आहे. एकाचा गजर तो दुसऱ्याचा गोंगाट. या उत्तरात तथ्य आहे, आणि ध्वनिवर्धकांवरून होणाऱ्या तंट्यांनी ते वारंवार सिद्ध केले आहे. परंतु ते मान्य केले तर आपल्यापुढे दोनच पर्याय उरतात. एक तर आवाजाचा विचार आकड्यापुरता मर्यादित ठेवायचा, नाहीतर तो व्यक्तिगत अभिरुचीवर सोडून द्यायचा. या दोहोंच्या पलीकडे, आवाज करणारा आणि तो ज्याच्या कानी पडतो तो माणूस यांच्यातील संबंधाच्या अंगाने, या प्रश्नाचा नैतिक विचार करता येतो का, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

२

आवाजाविषयीच्या तक्रारीला तत्त्वज्ञानात एक परंपरा आहे. ती सरळपणे स्वीकारण्यापूर्वी तपासून घ्यावी लागते. इमॅन्युएल कांट याने आपल्या निर्णयशक्तीच्या मीमांसेत (१७९०) संगीतकलेवर एक आक्षेप घेतला आहे. संगीतात नागरतेची उणीव आहे, असे तो म्हणतो. कारण ते शेजारपाजाऱ्यांवर, त्यांची इच्छा नसताना, लादले जाते. रुमालाला लावलेल्या अत्तराची तुलना तो यासाठी योजतो. दृष्टीला नको असलेल्या वस्तूवरून डोळे वळवता येतात. गंध आणि नाद यांच्या बाबतीत ती सोय नाही. घराजवळच्या तुरुंगातील कैद्यांच्या मोठमोठ्याने चालणाऱ्या स्तोत्रगायनाविषयी कांटने १७८४ मध्ये प्रत्यक्ष तक्रारही केली होती. शोपेनहौअर याने १८५१ च्या आपल्या निबंधसंग्रहात गोंगाटावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्याचा मुख्य रोख गाडीवानांच्या चाबकाच्या कडकडाटावर होता. विचारवंताच्या विचाराचा धागा त्या आवाजाने तुटतो, हे त्याचे गाऱ्हाणे होते. गणनयंत्राचा कल्पक चार्ल्स बॅबेज लंडनच्या रस्त्यांवर पेटी फिरवून वाजवणाऱ्या गरीब, पुष्कळदा इटालियन, वादकांविरुद्ध अनेक वर्षे झगडत राहिला. १८६४ मध्ये रस्त्यावरच्या वादनाला आळा घालणारा कायदा तिथे झाला, त्यामागे अशा तक्रारींचा हात होता.

गाडीवान, कैदी, परदेशी भिकारी वादक ही नावे एकापुढे एक ठेवली म्हणजे ध्यानात येते की या परंपरेत 'गोंगाट' हा बहुधा दुसऱ्याचा, आणि तोही खालच्या थरातल्या दुसऱ्याचा असतो. शांतता ही अभ्यासिकेची गरज म्हणून मांडली जाते. रस्त्यावर पोट भरणाऱ्याचा आवाज हा तिच्यातील व्यत्यय ठरतो. आजही निवासी सोसायटीच्या फाटकावर फेरीवाल्याची आरोळी बंद करणारा फलक लावला जातो आणि त्याच सोसायटीच्या वाहनतळातून निघणारी मोटार फाटकापाशी दोनदा हॉर्न वाजवते, तेव्हा ही जुनी परंपरा चालू असल्याचे दिसते.

आपल्या समाजात तर कानाचा इतिहास अधिक कठोर आहे. कोणी काय ऐकावे यावर येथे बंधने होती. गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेला धातू आणि लाख ओतण्याची शिक्षा सांगितली आहे. केरळात अस्पृश्य मानलेल्या जातींतील माणसांना वाटेने जाताना आपण येत असल्याची आरोळी द्यावी लागे. तिचा हेतू कोणी भेटावे हा नव्हता, कोणी भेटू नये हा होता. राजाच्या पुढे चालणाऱ्या भालदार-चोपदारांची ललकारी ही तिची उलटी बाजू. तिचे सांगणे एवढेच की वाट मोकळी करा. तेव्हा 'पूर्वीची शहरे शांत होती, गावे तर नादमधुर होती' अशा स्मरणरंजनावर नैतिक विचार उभा करता येत नाही. कॅनडातील संगीतकार रेमंड मरे शेफर याने १९७७ च्या आपल्या ग्रंथात ध्वनिपरिसराची संकल्पना विस्ताराने मांडली, आणि या विषयाच्या अभ्यासाला तिच्यामुळे भाषा मिळाली. ज्या परिसरात एकेक आवाज सुटा ऐकू येतो आणि ज्यात सगळे आवाज एकमेकांत बुडून जातात, असा त्याने केलेला भेद मौलिक आहे. परंतु पहिल्या प्रकारचा परिसर म्हणजे गाव आणि दुसऱ्या प्रकारचा म्हणजे यंत्रयुगीन शहर, हे त्याच्या मांडणीतील समीकरण आपल्याला जसेच्या तसे उचलता येणार नाही. गावात सुटे ऐकू येणारे आवाज कोणाचे होते आणि कोणाचे नव्हते, हा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही.

३

शांतता हे मूल्य जर इतके संशयास्पद असेल तर दुसरे कोणते मूल्य पायाशी धरावे? मराठीतील एक साधा वाक्प्रचार येथे उपयोगी पडेल. आपण 'हाकेला ओ देणे' असे म्हणतो. हाक ही एकट्याने पुरी होणारी क्रिया नाही. तिची पूर्तता 'ओ'मध्ये आहे. या छोट्या व्यवहारात तीन गोष्टी गृहीत असतात. हाक कोणाला तरी उद्देशून असते. हाक मारणारा स्वतः तेथे असतो, त्याची ओळख लपलेली नसते, आणि हाक का मारली असे त्याला विचारता येते. तिसरी गोष्ट अशी की हाक मारून तो थांबतो. हे थांबणे महत्त्वाचे आहे, कारण त्या अवकाशातच 'ओ' येऊ शकतो. उद्देश, उत्तरदायित्व आणि अवकाश या तीन अटी ज्या आवाजात पुऱ्या होतात तो मोठा असला तरी गोंगाट होत नाही. ज्यात त्या पुऱ्या होत नाहीत तो लहान असला तरी अंगावर येतो.

शहरातील जुने आवाज या दृष्टीने पाहावेत. पहाटे दारोदार येणारा वासुदेव, कल्हईवाल्याची आरोळी, पिंजाऱ्याच्या धुनकीचा टणत्कार, बोहारणीची साद हे आवाज रम्य होते म्हणून नव्हे, तर त्यांना दार उघडून किंवा न उघडून उत्तर देता येत असे म्हणून ते संवादाचा भाग होते. 'आज नको' हेही उत्तरच असे.

याहून कठीण उदाहरण गिरणीच्या भोंग्याचे आहे. लालबाग-परळ भागातील गिरण्यांचे भोंगे काही मंजुळ नव्हते. ते मालकाच्या वेळेचे हुकूम होते, आणि आख्ख्या वस्तीची झोप, स्वयंपाक, पाणी भरणे त्यांनी बांधून टाकले होते. तरीही त्या आवाजाला पत्ता होता. तो कोणाचा आणि कोणासाठी हे प्रत्येकाला ठाऊक होते. भोंग्याला ओ देणे म्हणजे पाळीला जाणे. ओ न देणे म्हणजे संप. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगारांनी त्या आवाजाला 'नाही' असे उत्तर दिले. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, भोंगे थांबले, आणि त्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांच्या पायथ्याशी आज अखंड रहदारी आहे. हा आवाज भोंग्यासारखा हुकूम देत नाही. पण त्याला नकारही देता येत नाही, कारण तो कोणाचाच नाही. सत्तेचा आवाज नाहीसा झाला की माणूस मोकळा होतो, असे येथे घडलेले नाही. ज्याच्याशी भांडता येईल असा आवाज जाऊन, ज्याच्याशी भांडताही येत नाही असा आवाज आला.

'हाकेच्या अंतरावर' हा आणखी एक वाक्प्रचार. त्यात हाक हे लांबी मोजण्याचे माप आहे, आणि हे माप माणसांमधील भरवशाचे आहे. अमुक घर हाकेच्या अंतरावर आहे म्हणजे प्रसंग पडला तर तेथून कोणी धावून येईल. ध्वनिशास्त्राचा एक साधा नियम या मापाला लावून पाहण्याजोगा आहे. मोकळ्या जागेत, एका ठिकाणाहून निघालेला आवाज अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने उतरतो. याचा अर्थ असा की भोवतालचा आवाज ६ डेसिबलने चढला तर तीच हाक पूर्वीच्या निम्म्या अंतरापर्यंतच ऐकू जाईल. १२ डेसिबलने चढला तर एक चतुर्थांश. ज्या वर्तुळात ती हाक पोहोचते त्याचे क्षेत्रफळ तर पहिल्या पायरीलाच चौथाईवर येते. वाढत्या रहदारीने माणसाला त्रास होतो एवढेच आपण म्हणत आलो. पण प्रत्येक माणसाभोवतीचे हाकेचे वर्तुळही ती आक्रसून टाकते. घरे जवळ आली, भिंतीला भिंत लागली, आणि हाकेचे अंतर मात्र तुटले.

४

आता हॉर्नकडे वळू. भारतीय शहरांच्या ध्वनिपरिसरात इंजिनाच्या घरघरीपेक्षा हॉर्नचा वाटा नैतिक विचारासाठी अधिक महत्त्वाचा आहे, कारण इंजिन वाजते आणि हॉर्न वाजवला जातो. त्यात कर्ता आहे.

हॉर्न हा मुळातच अनैतिक आवाज आहे असे नाही. घाटातल्या आंधळ्या वळणावर 'हॉर्न वाजवा' असा फलक असतो. तेथे तो वाजवणे हे कर्तव्य असते. पलीकडून येणाऱ्या अनोळखी माणसाला 'मी आहे' असे सांगणे आणि त्याच्या उत्तरासाठी कान देणे, ही हाकच आहे. मालमोटारींच्या पाठीवरचा 'हॉर्न ओके प्लीज' हा मजकूर याच व्यवहारातला. त्याच्या उगमाच्या कथा अनेक आहेत, पण त्याचा प्रत्यक्ष वापर सरळ होता. मागच्याने हॉर्न द्यावा, पुढच्याने ऐकावे, हाताने किंवा दिव्याने खूण करावी आणि वाट द्यावी. तेथे विनंती होती, प्रतिसाद होता, आणि मधला अवकाशही होता. महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २०१५ च्या आदेशाने व्यापारी वाहनांवर हा मजकूर लिहिण्यास बंदी केली. त्यामुळे अकारण हॉर्न वाजवण्यास उत्तेजन मिळते, असे कारण त्यामागे होते. शहराच्या दृष्टीने हे कारण पटण्यासारखे आहे. परंतु वाक्य तेच असताना महामार्गावर ते संवादाचे निमंत्रण होते आणि शहरात ते गोंगाटाचे निमंत्रण झाले, हा फरक कोठून आला?

फरक असा की शहरातल्या कोंडीत हॉर्नला उद्देश उरत नाही. सिग्नल हिरवा झाल्याच्या क्षणी मागच्या रांगेतून जो हॉर्नचा कल्लोळ उठतो तो पुढच्या नेमक्या कोणत्या वाहनाला उद्देशून असतो? ज्याला तो ऐकू जातो त्याच्याही पुढे दहा वाहने अडलेली असतात. तो हलू शकत नाही, हे वाजवणाऱ्यालाही माहीत असते. येथे हॉर्न 'मी आहे' असे सांगत नाही, 'तू नसावास' असे सांगतो. हाकेचा वंश सोडून तो ललकारीच्या वंशात गेलेला असतो. समोरचा माणूस माणूस राहत नाही. तो अडथळा होतो.

याला केवळ स्वभावदोष म्हणून भागत नाही, कारण त्यामागे एक यंत्रणा आहे. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात असे दाखवून दिले की भोवताली गोंगाट असला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. हे तो ठरवून करीत नाही. हॉर्नच्या बाबतीतही हेच घडते. सगळीकडे हॉर्न वाजत असल्याने एकट्या हॉर्नकडे कोणी लक्ष देत नाही. म्हणून तो पुन्हा, अधिक वेळ, अधिक कर्कश वाजवावा लागतो. आणि त्यामुळे पुढचा हॉर्न आणखी निरुपयोगी होतो. ज्याने त्याने आपापल्या परीने शहाणपणाच केलेला असतो, पण बेरीज मात्र वेडेपणाची होते.

कांटची शेजाऱ्यांविषयीची कुरकुर आपण बाजूला ठेवली, पण त्याचे नीतितत्त्व येथे कामी येते. खोटे वचन देणे अनैतिक का, याचे त्याने १७८५ मध्ये दिलेले उत्तर परिणामांवर अवलंबून नव्हते. सर्वांनीच खोटी वचने दिली तर वचन ही संस्थाच नाहीशी होईल आणि खोटे वचन देणेही अशक्य होईल, असा तो युक्तिवाद होता. हॉर्नची स्थिती अशीच आहे. धोक्याची सूचना देण्याचे त्याचे सामर्थ्य, तो क्वचित वाजतो यावर उभे असते. जो अकारण हॉर्न वाजवतो तो इतरांच्या जपणुकीवर जगत असतो. इतरांनीही तेच केले की खऱ्या धोक्याच्या वेळी कोणाचाच हॉर्न कोणाला ऐकू येत नाही. रुग्णवाहिकेचा भोंगा कोंडीत वाजत राहतो आणि कोणी मान वळवत नाही, हे या नियमाचे रोजचे प्रत्यंतर आहे.

यात आणखी एक विषमता आहे. वातानुकूलित मोटारीच्या काचा वर असतात. हॉर्न बाहेर, पुढच्या बाजूला असतो. तो वाजवणाऱ्याच्या कानी त्याचा आवाज मवाळ होऊन येतो, आणि पूर्ण जोराने तो पोहोचतो पायी चालणाऱ्यापर्यंत, चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसापर्यंत, पदपथावरच्या विक्रेत्यापर्यंत आणि रात्री तेथेच झोपणाऱ्या कुटुंबापर्यंत. दुचाकीवाले आणि रिक्षावाले हॉर्न वाजवत नाहीत असे मुळीच नाही. पण त्यांना निदान आपला आणि इतरांचा आवाज सोसावा तरी लागतो. शांतता ही आज काचेच्या रूपाने विकत मिणारी वस्तू झाली आहे. आणि ती ज्याने विकत घेतली त्याला आपल्या आवाजाचा अनुभव येण्याची शक्यताही संपते. आपल्या कृतीचा परिणाम आपल्यापर्यंत न पोहोचणे ही नैतिक बधिरतेची सर्वांत सोयीची अवस्था होय. कांट-शोपेनहौअर यांच्या काळात तक्रार करणारा आत होता आणि आवाज करणारा बाहेर. आता बरेचदा तक्रार करणारा आणि आवाज करणारा एकच आहे, आणि तो आत आहे.

५

कायद्याने या प्रश्नाला कसे हाताळले हे पाहणे उद्बोधक आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी दिलेल्या निर्णयात गोंगाटापासून मुक्त जीवनाचा विचार संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काशी जोडला. बोलण्याचा हक्क जसा एकाला आहे तसा ऐकण्याचा किंवा ऐकण्यास नकार देण्याचा हक्क दुसऱ्याला आहे, अशी त्यामागची भूमिका होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९४-एफ हे कलम आले. त्यानुसार अकारण किंवा सतत हॉर्न वाजवण्यास पहिल्या वेळी १,००० रुपये आणि पुढे २,००० रुपये दंड ठरवण्यात आला.

न ऐकण्याचा हा हक्क मोलाचा आहे, पण तो अपुरा आहे. तो माणसाला आवाजाचा बळी म्हणूनच पाहतो. माणूस हा ऐकू इच्छिणाराही असतो, आणि आपले म्हणणे ऐकले जावे अशी इच्छा असणाराही असतो, ही बाजू त्यात येत नाही. न ऐकण्याचा हक्क काच लावूनही भागवता येतो. ऐकू जाण्याचा हक्क भागवायचा तर बाहेरचा रस्ताच बदलावा लागतो. डेसिबलची मर्यादा फेरीवाल्याच्या आरोळीला आणि हॉर्नला एकाच तागडीत घालते. हाकेच्या अंतराचा निकष लावला तर दोहोंतला फरक स्पष्ट होतो. आरोळी थांबते आणि उत्तराची वाट पाहते. कोंडीतला हॉर्न दुसऱ्या कोणत्याही आवाजासाठी जागाच ठेवत नाही. हाच निकष ध्वनिवर्धकालाही लावता येतो, मग तो कोणत्याही प्रार्थनास्थळावरचा, मिरवणुकीतला वा सभेतला असो. मंडपापुरता पोहोचणारा आवाज तेथे जमलेल्यांना उद्देशून असतो. चार गल्ल्या पलीकडच्या आजाऱ्याच्या उशाशी पोहोचणारा आवाज त्याला उद्देशून नसतो, आणि त्याला उत्तरही देता येत नाही. श्रद्धा कोणाची हा प्रश्न येथे उद्भवतच नाही.

मुंबई पोलिसांनी जानेवारी २०२० च्या अखेरीस एका प्रयोगाची चित्रफीत प्रसृत केली. काही चौकांतील सिग्नलला डेसिबलमापक जोडले होते. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या पुढे गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. जितका हॉर्न जास्त तितकी वाट पाहणे जास्त. त्या चित्रफितीचे कौतुक झाले, थट्टाही झाली. तिच्यावरचा रास्त आक्षेप असा की शिक्षा समूहाला होते. जो गप्प बसला तोही थांबतो. बेरजेला दिलेल्या या उत्तरात व्यक्तीचे उत्तरदायित्व हरवते. पण त्या प्रयोगात एक गोष्ट घडली. हॉर्नला कधी नव्हे ते उत्तर मिळाले. ज्या आवाजाला पत्ता नव्हता त्याला चौकाने 'ऐकले' असे सांगितले, आणि वाजवणाऱ्याला आपल्या आवाजाचा परिणाम स्वतः भोगावा लागला. त्या कल्पनेचे बळ दंडाच्या कठोरपणात नव्हते, या परत येण्यात होते.

त्यानंतर दोनच महिन्यांत, २५ मार्च २०२० पासून, टाळेबंदीने शहरे गप्प झाली. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील चिमण्यांच्या एका जातीचा अभ्यास करणाऱ्यांना त्या काळात असे आढळले की भोवतालचा गोंगाट उतरल्यावर हे पक्षी अधिक हलक्या आवाजात गाऊ लागले, आणि तरीही त्यांचे गाणे पूर्वीपेक्षा दूरवर पोहोचू लागले. हाकेचे अंतर वाढवायला आवाज वाढवावा लागत नाही, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही. मात्र त्या शांततेला आदर्श मानण्याची चूक करू नये. आपल्याकडे ती रुग्णवाहिकांच्या भोंग्यांनी चिरलेली होती, आणि तिच्या काठाकाठाने हजारो स्थलांतरित मजूर शहरातून पायी गावाकडे चालले होते. शहरातला आवाज गेला त्याबरोबर शहर उभे करणाऱ्यांचीही हाक गेली, आणि ती तेव्हा किती जणांच्या कानी पडली हा प्रश्न उरतोच.

शांतता स्वतःहून नैतिक नसते याचे आणखी एक प्रमाण विजेवर चालणाऱ्या मोटारींनी पुरवले. मंद वेगात त्या जवळजवळ निःशब्द असतात. आणि पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या अंध माणसाला त्यांचा सुगावा लागत नाही. म्हणून युरोपीय संघाने नव्या प्रकारच्या अशा वाहनांना जुलै २०१९ पासून, आणि सर्व नव्या वाहनांना जुलै २०२१ पासून, कमी वेगात मुद्दाम आवाज करण्याचे बंधन घातले. येथे आवाज करणे हेच सौजन्य आहे. 'मी येत आहे' हे दुसऱ्याला कळवणे आणि 'तू दूर हो' असे त्याला बजावणे, यांतले अंतर डेसिबलमध्ये मोजता येत नाही. पण ते प्रत्येक कानाला कळते.

६

साहित्याच्या अभ्यासकाने यात का पडावे, असे विचारले जाईल. त्याचे एक कारण आपल्या काव्यशास्त्रातच आहे. आनंदवर्धनाने काव्याच्या आत्म्याला 'ध्वनी' हे नाव दिले, आणि व्यंग्यार्थाच्या एका प्रकारासाठी घंटेच्या अनुरणनाचे साम्य योजले. घंटेचा टोल पडतो आणि मागून त्याची आस लांबत जाते. तसा वाच्यार्थ कळून गेल्यावर क्रमाने व्यंग्यार्थ उमलतो. या उपमेत एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली आहे. अनुरणन ऐकू येण्यासाठी टोलानंतर अवकाश हवा. लगेच दुसरा, तिसरा, दहावा आघात झाला तर आघात तेवढे उरतात, अनुरणन नाहीसे होते. ज्या शहरात दोन आवाजांमध्ये जागाच उरलेली नाही तेथे वाच्यार्थापलीकडे जाणारी ऐकण्याची सवय कशी टिकणार, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचा नाही. सहृदय हा आधी कान देणारा असतो.

दुसरे कारण आपल्या आजच्या परिभाषेत आहे. गेल्या काही दशकांत मराठी समीक्षेने 'आवाज' हा शब्द मोठ्या प्रमाणावर रूपक म्हणून वापरला. दबलेल्यांचा आवाज, स्त्रीचा आवाज, परिघावरचा आवाज असे आपण म्हणतो, आणि त्यामागे खरा इतिहास आहे. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने ज्या वस्तीची बोली कवितेत आणली ती तोवरच्या अभिरुचीच्या लेखी गोंगाटच होती. तो गोंगाट नसून हाक आहे, हे ओळखायला मराठी वाचकाला आपला कान बदलावा लागला. मिखाईल बाख्तीनने दस्तयेव्हस्कीच्या कादंबऱ्यांविषयी बोलताना जी बहुस्वरता सांगितली तिचीही अट हीच आहे. अनेक आवाज असणे पुरेसे नाही; प्रत्येक आवाज दुसऱ्याचे ऐकून, त्याला उत्तर देत उभा असला पाहिजे. ती अट काढून टाकली की बहुस्वरतेचा कोलाहल होतो. आवाज मिळवून देण्याविषयी आपण पुष्कळ लिहिले. तो पोहोचण्यासाठी लागणाऱ्या अंतराविषयी, म्हणजेच ऐकणाऱ्याच्या कर्तव्याविषयी, त्यामानाने कमी लिहिले. रूपकाच्या पातळीवर जे घडते आहे त्याचा रस्त्यावरच्या आवाजाशी संबंध नाही असे मानणे मला कठीण वाटते. ज्या माणसाला दिवसभर स्वतःच्या रक्षणासाठी कान बंद ठेवण्याचा सराव करावा लागतो तो संध्याकाळी पुस्तक उघडताना तो सराव उंबऱ्याबाहेर ठेवून येऊ शकत नाही.

तेव्हा नागरतेची व्याख्या थोडी बदलून घ्यावी लागेल. दुसऱ्याच्या कानाला त्रास न देणे ही तिची नकारात्मक बाजू झाली. तिची विधायक बाजू अशी की आपण आवाज करताना दुसऱ्याच्या हाकेला जागा शिल्लक ठेवावी. बोलावे, गावे, ओरडावे, विकावे, घोषणा द्याव्यात. शहर हे आवाजांचेच असते आणि असावे. पण आपला आवाज कोणाला उद्देशून आहे, त्याचे उत्तर आपण ऐकू शकतो का, आणि त्यासाठी आपण क्षणभर थांबतो का, हे तीन प्रश्न प्रत्येक आवाजाला विचारता येतात. ते मोटारचालकाला विचारता येतात, मंडळाच्या कार्यकर्त्याला विचारता येतात, रस्त्यांची आखणी करणाऱ्या महापालिकेला विचारता येतात, आणि लेखकाला व समीक्षकालाही विचारता येतात. डेसिबलची मर्यादा पाळली गेली तर शहर सुसह्य होईल. हाकेचे अंतर पुन्हा मिळवायचे असेल तर मात्र ऐकणे हेही एक नागरी कर्तव्य आहे, असे मानावे लागेल.